डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेत जागा किती?

बारावीचा निकाल लागला की ओळखीतला कुणी ना कुणी बाप एक गुळगुळीत पुस्तिका घेऊन घरी येतो. यंदा आलेले पाहुणे यवतमाळकडचे, मावसभावाच्या सासरचे. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर गुन्ह्याच्या जागेभोवती बांधतात तसली पिवळी पट्टी आणि पट्टीमागे भिंग घेऊन उभी असलेली पांढऱ्या कोटातली मुलगी. आत बी.एस्सी. न्यायसहायक विज्ञान, बी.ए. गुन्हेशास्त्र, सायबर सुरक्षेची जोड, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात वर्षाची फी. दीड लाख. वसतिगृह वेगळे.

“पोरीले हेच शिकाचं हाय,” पाहुणे म्हणाले. “लहानपणापासून थे सीआयडी पाहते. पैसे फिटतीन का, येवढंच सांगा भाऊ.”

मुलगी शेजारी बसली होती आणि ‘सीआयडी’चा उल्लेख झाल्यावर तिने बापाकडे जळजळीत पाहिले. पण बापाचे काही चुकले नव्हते. १९९८ साली सुरू झालेल्या त्या मालिकेने दोन पिढ्यांना प्रयोगशाळा दाखवली. डॉ. साळुंखे परीक्षानळी हलवतात, द्रव निळा होतो, आणि जाहिरात लागायच्या आत खुनी सापडतो. गंमत म्हणजे एसीपी प्रद्युम्न साकारणारे शिवाजी साटम खऱ्या आयुष्यात रसायनशास्त्राचे पदवीधर आणि एकेकाळी बँकेतले नोकरदार. ही गंमत लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

‘पैसे फिटतील का’ या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत नसते. ते सरकारी भरतीच्या जाहिरातीतल्या एका रकान्यात असते. त्या रकान्याचे नाव ‘शैक्षणिक अर्हता’. गुन्हा, तपास, खटला, शिक्षा आणि तुरुंग या साखळीतल्या एकेका पदासमोर तिथे काय लिहिले आहे ते पाहू.

पोलीस शिपाई : बारावी उत्तीर्ण. कारागृह शिपाई : बारावी उत्तीर्ण. पोलीस उपनिरीक्षक : कोणत्याही शाखेची पदवी. भारतीय पोलीस सेवा : कोणत्याही शाखेची पदवी. सहायक सरकारी अभियोक्ता आणि न्यायाधीश : कायद्याची पदवी. ‘गुन्हेशास्त्राची पदवी आवश्यक’ असे यातल्या एकाही पदासमोर लिहिलेले नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयांची लांबलचक यादी असते. पशुवैद्यक आहे, मानववंशशास्त्र आहे, भूगर्भशास्त्र आहे. गुन्हेशास्त्र नाही, न्यायसहायक विज्ञानही नाही. म्हणजे तीन वर्षे गुन्हेशास्त्र शिकलेल्या मुलाला आयपीएस व्हायचे असेल तर परीक्षेसाठी दुसराच विषय काढून बसावे लागते.

हे एकट्या भारताचे वैशिष्ट्य नाही. ‘क्रिमिनल जस्टिस’ ही पदवी अमेरिकेत वाढली. बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ मध्ये पोलिसांसाठी शाळा काढली, पण खरी लाट आली ती १९६८ च्या कायद्यानंतर. पोलिसांनी कॉलेजात जावे म्हणून संघराज्य सरकारने कर्ज आणि अनुदान द्यायला सुरुवात केली आणि पैसा दिसताच अभ्यासक्रमांचे पीक आले. तरीही तिथल्या बहुतेक शहरांत पोलीस व्हायला आजही शालान्त प्रमाणपत्र पुरते. पदवी असेल तर काही ठिकाणी पगारात थोडी भर पडते, बढतीला उपयोग होतो. दाराची किल्ली तिथेही दुसरीच आहे.

आपल्याकडे एकच खाते असे आहे, जिथे या शिक्षणाची थेट विचारपूस होते. ते म्हणजे प्रयोगशाळा. महाराष्ट्रात तिचे सरकारी नाव न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. मुख्यालय मुंबईत कलिन्याला आणि पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय शाखा. पोलीस ठाण्यात मात्र तिला अजून जुन्याच नावाने ओळखतात. तपासी अंमलदार ‘मुद्देमाल सी.ए.ला पाठवला’ म्हणतो आणि वकील ‘सी.ए. रिपोर्ट आला का’ विचारतो. सी.ए. म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर. ते नाव कागदावरून गेले तरी तोंडातून गेलेले नाही, आणि त्या नावातच भरतीचे गुपित आहे. या खात्याची पाळेमुळे रसायनशास्त्रात आहेत. विष कोणते, दारूत काय मिसळले, कपड्यावरचा डाग कशाचा, हे इथले जुने प्रश्न. म्हणून वैज्ञानिक सहायकाच्या जागेला न्यायसहायक विज्ञानाच्या पदवीधराशेजारी तालुक्याच्या कॉलेजातून साधी रसायनशास्त्राची बी.एस्सी. केलेला मुलगाही बसतो. दोघांची परीक्षा एक, गुण एकाच मापाने मोजले जातात. त्यातल्या एकाने शिक्षणावर सात-आठ लाख खर्च केलेले असतात, दुसऱ्याने वर्षाला काही हजार.

साटमांची गंमत लक्षात ठेवा म्हटले होते ती यासाठी.

आता संख्या. २०२४ साली या प्रयोगशाळांच्या संचालनालयाने गट ‘क’ च्या १२५ जागांची जाहिरात काढली. त्यात वैज्ञानिक सहायकापासून प्रयोगशाळा सहायकापर्यंत सगळी पदे आली. साऱ्या राज्यासाठी मिळून सव्वाशे. एका खासगी विद्यापीठाची एक तुकडी साठाची धरली, तरी दोन विद्यापीठांच्या दोन-दोन वर्गांची पोरे त्या जागांना पुरून उरतील. शिवाय पंचविशीत लागलेला माणूस ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे एकदा भरलेली जागा तीस-तेहतीस वर्षे हलत नाही.

मी हे सांगत होतो तेव्हा पाहुणे सुपारी कातरत ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे कापसाची एकाधिकार खरेदीच झाली थे.”

मला इतके नेमके सुचले नसते. १९७२ साली राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली तेव्हा विदर्भातल्या शेतकऱ्यासमोर गिऱ्हाईक एकच उरले. ग्रेड त्याची, भाव त्याचा, केंद्र उघडायची तारीख त्याची. उभ्या बैलगाड्यांच्या रांगा लागत. पाहुण्यांनी लहानपणी वडिलांबरोबर त्या रांगेत रात्र काढली होती. गुन्हेविषयक शिक्षणाचा बाजार तसाच आहे. पेरणारे खूप, बियाणे विकणारे त्याहून जास्त, आणि घेणारे मुख्य गिऱ्हाईक एक : सरकार. अभियंता एका कंपनीने नाकारला तर दुसरीकडे जातो. रक्ताच्या डागाचा तज्ज्ञ दुसरीकडे कुठे जाणार?

ही एकाधिकार खरेदी नुसत्या सवयीची नाही, तिला कायद्याचाही आधार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३२९, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे २९३, काही सरकारी शास्त्रीय तज्ज्ञांच्या अहवालांना खास मान देते. तज्ज्ञ स्वतः साक्षीला न येताही त्याचा अहवाल पुराव्यात वाचता येतो. कोर्टाला वाटले तर त्याला बोलावता येते, ते वेगळे. त्या यादीत बोटांच्या ठशांच्या ब्युरोचे संचालक आहेत, स्फोटकांचे मुख्य नियंत्रक आहेत, राज्याच्या आणि केंद्राच्या प्रयोगशाळांचे संचालक आहेत, मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक तर चक्क नावानिशी आहेत. खासगी प्रयोगशाळा नाही. तिच्या तज्ज्ञाला साक्ष देता येते, पण त्यासाठी पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणी सोसावी लागते आणि त्याचा खर्च ज्याने बोलावले त्याच्या माथी. पोलीस अर्थातच आपला मुद्देमाल कलिन्यालाच पाठवतात.

पुस्तिकेत याच नव्या कायद्याचे दुसरे कलम मोठ्या अक्षरात छापलेले होते. कलम १७६ चे पोटकलम ३. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे, पुरावा गोळा करायचा, चित्रण करायचे. कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि या तरतुदीची तारीख ठरवायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली. ‘लाखो तज्ज्ञांची गरज’ असे पुस्तिकेचे म्हणणे. गरज खरी आहे. केंद्राने जून २०२४ मध्ये प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाच्या शाखा वाढवायला २,२५४ कोटींची योजना मंजूर केली, आणि महाराष्ट्रानेही फिरत्या तपासणी गाड्या रस्त्यावर आणल्या. पण गरज आणि जागा यांच्यामध्ये मंत्रालय असते. आकृतिबंध, पदनिर्मितीचा प्रस्ताव, वित्त विभागाची मान्यता, सेवाप्रवेश नियम, मग जाहिरात, मग जाहिरातीवर कोर्टात याचिका. घाई असेल तर ठेकेदारामार्फत कंत्राटी माणसे. ‘तज्ज्ञ हवेत’ या बातमीखाली कायम पदे किती आणि कंत्राटी किती, एवढे एक वाक्य शोधायची सवय लावली तर निम्मा हिशेब तिथेच सुटतो.

आता पैसे. पाहुण्यांना मी कागद काढायला सांगितला. तीन वर्षे पदवी आणि दोन वर्षे एम.एस्सी. धरू, कारण नुसत्या पदवीवर या क्षेत्रात फार कुणी थांबत नाही. दीड लाखाप्रमाणे फी साडेसात लाख. शहरात राहण्या-जेवण्याचा महिना बारा हजार धरला आणि वर्षातले दहा महिने धरले तर सहा लाख. साडेतेरा. त्यातले साडेपाच लाख घरातून निघतील, आठ लाख कर्ज काढू, असे ते म्हणाले. साडेसात लाखांच्या वर गेले की बँका तारण मागतात, म्हणजे सातबारा पुढे येतो, हे त्यांना ठाऊक होते. शिकत असताना हप्ता नाही, हेही ठाऊक होते. त्या काळात व्याज चढत असते हे मात्र त्यांच्या लक्षात आले नव्हते. दरवर्षी एक लाख साठ हजार उचलले, दहा टक्के सरळ व्याज धरले आणि शिक्षणानंतर एक वर्ष सवलतीचे, तर हप्ता सुरू होईपर्यंत तीन लाख वीस हजार व्याज चढते. कर्ज अकरा लाख वीस हजारांचे होते. दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता १४,८०१ रुपये. सगळे हप्ते मिळून पावणेअठरा लाखांच्या आसपास. आठ लाखांचे.

पाहुण्यांनी सुपारी खाली ठेवली.

समोरच्या बाजूला काय येते? खासगी क्षेत्रात या विषयाच्या नवख्याला साधारण पंधरा ते पंचवीस हजारांची नोकरी मिळते, तीही मोठ्या शहरात. खोलीचे भाडे, डबा आणि हप्ता वजा केला तर महिनाअखेर बापालाच पैसे पाठवावे लागतात.

आणि तिच्याच वर्गातली, बारावीनंतर शिपाई भरतीत निघालेली मैत्रीण? तिचे मूळ वेतन २१,७०० रुपये. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर ११,९३५. गावाकडे घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या दहा टक्के. बेरीज ३५,८०५. मुंबईत घरभाडे तीस टक्के म्हणजे चाळीस हजारांच्या थोडे वर. यातून कपाती जातात, पण ती एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी कमवायला लागते. आपली पोर एम.एस्सी.चा निकाल घेऊन घरी येईल तेव्हा मैत्रिणीने दहा लाखांहून जास्त रुपये मिळवलेले असतील. ती पदवी बाहेरून करते, खात्याची परीक्षा देते आणि उपनिरीक्षकपदाच्या वाटेला लागते. उपनिरीक्षकाचे मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होते.

हे ऐकून कुणीही म्हणेल की मग भरतीच करावी. इथेच हिशेबात दुसरी चूक होते. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. शंभरात एक. पहाटे चारला जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर ‘सोळाशे’ मारणारी पोरे, गोळाफेकीचा एकेक गुण मोजणारी पोरे, ग्राउंडला पन्नासपैकी शेहेचाळीस काढून लेखीत दोन गुणांनी हुकलेली पोरे गावोगाव आहेत. अकॅडमीची महिन्याची फी, पौष्टिक खाणे, बूट, वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या भरतीला जायचा खर्च यांची पुस्तिका कुणी छापत नाही, म्हणून तो खर्च दिसत नाही. खुल्या प्रवर्गाला अठ्ठाविसाव्या वर्षी दार बंद होते. तोवर हातात काहीच नसलेला मुलगा आणि कर्जासह पदवी असलेला मुलगा यांत कोण जास्त अडकला, याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे येईल.

पगाराच्या आकड्याला तास जोडून पाहावेत, हेही कुणी करत नाही. शिपायाची ड्युटी कागदावर काही असो, बारा तास ही नेहमीची गोष्ट. देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. आठ तास काम ही बातमी होते, यातच सगळे आले. छत्तीस हजारांना बारा तासांच्या सव्वीस दिवसांनी भागले तर तासाला सव्वाशेही पडत नाहीत. सणाच्या बंदोबस्ताची रात्र त्यातच धरलेली.

मुलगी आतापर्यंत गप्प होती. ती म्हणाली, “सरकार सोडून कुणीच घेत नाही असं नाही ना?”

नाही. या शेतात एकाधिकाराच्या बाहेरही थोडा माल विकला जातो, आणि माझ्या मते खरी विचार करण्यासारखी जागा तीच. तालुका कोर्टात चला. चेक न वटल्याचे खटले, ज्यांना सगळे ‘१३८ च्या केस’ म्हणतात, ढिगाने पडलेले असतात. ‘सही माझी नाही’ हा त्यातला ठरलेला बचाव. मग हस्ताक्षरतज्ज्ञ लागतो. मृत्युपत्रावरची सही, खरेदीखतावरचा अंगठा, भाऊबंदकीत निघालेला जुना स्टॅम्पपेपर, सगळीकडे लागतो. हा धंदा एकेका अभिप्रायाच्या फीवर चालतो आणि जिल्ह्यात नाव झाले की पोट भरते. पण नाव व्हायला दहा वर्षे उलटतपासण्या खाव्या लागतात.

दुसरे काम अगदी नवे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधला संदेश, सीसीटीव्हीचे चित्रण किंवा संगणकातली नोंद पुराव्यात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यातही लागत होते. आता त्याचे दोन भाग झाले. पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात त्या फाइलची हॅश किंमत लिहायची. हॅश किंमत म्हणजे फाइलचा आकड्या-अक्षरांतला ठसा. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो. घटस्फोटापासून भाड्याच्या भांडणापर्यंत आज असा खटला विरळा, ज्यात व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश येत नाहीत. तेव्हा हे प्रमाणपत्र देणारी, पिंजऱ्यात न डगमगणारी आणि मराठीत समजावून सांगणारी माणसे प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात लागणार. फक्त याला लागते संगणकाची पक्की जाण. भिंग आणि पांढरा कोट लागत नाही. बँकांचे घोटाळे शोधणाऱ्या सल्लागार कंपन्या आणि सायबर सुरक्षावाल्या कंपन्याही घेतात, पण त्यांच्या दारात चार्टर्ड अकाउंटंट आणि संगणक अभियंते आधीच उभे असतात. गुन्हेशास्त्राची पदवी तिथे दुसऱ्या पदवीच्या खांद्यावर बसून जाते, एकटी चालत जात नाही.

वकिलीचा रस्ता मी मुद्दाम शेवटी काढला, कारण तो लांब आहे. कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षे. शासकीय विधी महाविद्यालयात किंवा जुन्या अनुदानित कॉलेजात फी परवडते. राष्ट्रीय विधी विद्यापीठात वर्षाला लाखांत जाते. सुरुवातीला वरिष्ठांच्या हाताखाली जे मिळते त्याला पगार म्हणायची सोय नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ साली नवोदितांना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. शिफारस करावी लागली, यावरून परिस्थिती ओळखावी. पण दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीचे मूळ वेतन आता ७७,८४० रुपये आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, म्हणजे हा रस्ता आणखी तीन वर्षांनी लांबला. विधी सेवा प्राधिकरणाने गरीब आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ पगारी वकील नेमायला सुरुवात केली आहे. फौजदारी काम शिकायची याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

एका अभ्यासक्रमाबद्दल मात्र मला हिशेबाच्या वहीत काय लिहावे कळत नाही. मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय हा समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याच संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाण्यांत आणि तुरुंगांत काम करतो. भारताच्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे, म्हणजे खटला न संपलेले. त्यांच्यातले कित्येक जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत. अशा माणसाच्या घरी जाऊन रेशनकार्ड शोधणे, वकिलाला गाठणे, सुटल्यावर कामाला लावणे हे काम ही मुले करतात. मानधन स्वयंसेवी संस्थांत असते तेवढे. नफा-तोटा काढला तर तोटा दिसतो, आणि तिथून शिकून निघालेल्या ज्या दोघा-तिघांना मी भेटलो आहे त्यांच्यातल्या कुणालाही शिक्षणाचा पश्चात्ताप झालेला नाही. पाहुण्यांना मी हे सांगितले. ते ‘हं’ म्हणाले. अकरा लाख वीस हजारांचे कर्ज असलेल्या माणसाने दुसरे काय म्हणावे?

परदेशी जाऊन हा विषय शिकणारेही आता वाढले आहेत, विशेषतः इंग्लंडात वर्षभराच्या एम.एस्सी.साठी. फी वीस हजार पौंडांच्या आसपास धरली आणि राहणे मिळवले तर तीस-पस्तीस लाख रुपये होतात. संगणकाची भाषा पुण्यात आणि मँचेस्टरमध्ये सारखीच. कायदा मात्र सीमेपाशी थांबतो. तिथे शिकलेला पुरावा कायदा इथल्या कोर्टात चालत नाही आणि तपास यंत्रणांच्या बऱ्याच नोकऱ्यांना नागरिकत्व लागते. अमेरिकेची एफबीआय तर नागरिकाखेरीज कुणाचा अर्जच घेत नाही. सगळ्या विषयांत हा विषय परदेशातून परत आणायला सर्वांत जड.

मग कुणी हे शिकूच नये का? असे मी म्हणालो नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. तिथली फी खासगी विद्यापीठाच्या तुलनेत किरकोळ वाटावी इतकी. मराठी मुलांना गोव्यातली राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची शाखाही दूर नाही. फी एवढीशी असेल तर हिशेबाचे सगळे आकडे पालटतात. नोकरी नाही मिळाली तरी पोर बी.एस्सी. पदवीधर राहते, उपनिरीक्षकाची परीक्षा देते, विधी महाविद्यालयात जाते. माझी तक्रार विषयाशी नाही, दीड लाखाशी आहे. रसायनशास्त्राची बी.एस्सी. आणि नंतर दोन वर्षे न्यायसहायक विज्ञान ही जोडीही मला शहाणपणाची वाटते, कारण औषध कंपनीपासून अन्न तपासणीपर्यंत चार दारे तरी उघडी राहतात.

पाहुणे हट्टी. म्हणाले, आलोच आहे तर कॉलेज पाहून जाऊ. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गेलो. काचेची इमारत, स्वागतकक्षात सरबत, समुपदेशक बाई अतिशय गोड. मागच्या तुकडीतली किती मुले कुठे लागली, असे मुलीनेच विचारले. बाईंनी उत्तरादाखल काही कंपन्यांची बोधचिन्हे दाखवली. मुलांची नावे दाखवता येतील का, असे तिने पुन्हा विचारले. ती ‘गोपनीय’ निघाली.

मग प्रयोगशाळा दाखवली. पुस्तिकेवरची पिवळी पट्टी तिथे खरोखर बांधलेली होती, आणि पट्टीच्या आत प्लास्टिकचा एक मानवी सांगाडा पडला होता. टेबलावर मध्यभागी तुलना-सूक्ष्मदर्शक. दोन गोळ्यांवरच्या बारीक रेघा शेजारी शेजारी ठेवून जुळवतात ते यंत्र, या विषयातले सर्वांत महागड्यांपैकी एक. मुलीने विचारले, बघू का? बाई हसून हो म्हणाल्या. ती वाकली, डोळे लावले, आणि लगेच सरळ झाली. मी जाऊन पाहिले. डोळे लावायच्या काचांवरचे पारदर्शक वेष्टण अजून काढलेले नव्हते.